पेटीबरोबर एक माणूस

बडोद्याच्या नागरवाड्यात सुभानराव घोरपड्यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्यांना तिकीट काढताना पाहिलेला माणूसही नव्हता. राजवाड्याच्या खानगी खात्यातून पेन्शनीत निघून चार वर्षं झाली होती. घरचं बरं होतं, पण प्रवासासाठी गाठीचा पैसा सोडायचा म्हटलं की त्यांच्या जिवावर येई. देवी टोचणाऱ्या डॉक्टरच्या बैलांच्या दमणीतून ते पादरा गावाला जाऊन आले होते. मोजणीवाल्यांच्या गाड्यावर, तंबूंच्या गुंडाळ्यांवर बसून डभोई पाहून आले होते. एकदा तर कुणा अनोळखी पटेलांच्या जानेत, म्हणजे वऱ्हाडात, शिरून, कपाळाला कुंकू लावून घेऊन पेटलादला लग्नाचं जेवून आले होते. "कुणी ना कुणी, कुठे ना कुठे जातच असतं," ते म्हणत, "आपण फक्त त्याच्याबरोबर जायचं."

घोडं अडलं होतं ते एका संखेड्यापाशी. तिथे त्यांची एकुलती एक लेक उल्का दिली होती. जावई हिंमतराव तिथल्या तालुक्याच्या वहिवाटदार कचेरीत कारकून होते. तीन वर्षांत त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई भावाबरोबर दोनदा जाऊन आल्या, पण सुभानराव आपले 'सोय बघतोय' म्हणत बसले. संखेड्याला फुकट नेणारं कुणी मिळेना. लेकीची आठवण येत नव्हती असं नाही. जेवताना तिचं नाव निघालं की त्यांचा घास तोंडातच फिरायचा. तरी तिकीट नाही म्हणजे नाही.

आणि एके दिवशी उल्काचं पत्र आलं.

'तीर्थरूप आबांस साष्टांग नमस्कार. यांची बदली ओखामंडळात झाली आहे. पुनव झाली की आम्ही निघणार. ते तर मुलखाचं टोक, पुढे समुद्रच. तिथे तुम्ही काही यायचे नाही, हे मला ठाऊक आहे. पण हा गुरुवार सोडून पुढच्या गुरुवारी बडोद्याहून इथे सरकारी पेटी यायची आहे. आम्ही सगळ्या बायका वाट पाहतो आहोत. पेटीबरोबर एक माणूस फुकट येऊ शकतो. तर तुम्ही या.'

सुभानरावांनी पत्र तीनदा वाचलं. फुकट हा शब्द चारदा. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. पेटी? नागरवाड्यात पेटी म्हणजे एकच, शेजारच्या मल्हाररावांची, जिच्यावर ते रोज संध्याकाळी भजनं वाजवत. म्हणजे श्रीमंत सरकार आता गावोगावच्या बायकांसाठी गाण्याची पेटी धाडणार तर! सरकारांचं काही सांगता येत नाही. पोरींना शाळेत बसवलं, आता बायकांना सुरात बसवतील. आणि पेटीबरोबर जाणारा माणूस म्हणजे कोण? वाजवणारा. त्याशिवाय पेटी नेऊन करायचं काय?

"अहो, सरळ तिकीट काढा नि जा की," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "पोर चालली मुलखाच्या टोकाला."

"नियम असताना तिकीट काढणं म्हणजे सरकारचा अपमान," सुभानराव म्हणाले आणि मल्हाररावांकडे पेटी शिकायला गेले.

आठ दिवस मल्हाररावांनी डोकं आपटलं. आठव्या दिवशी सुभानरावांना एका भजनाची पहिली ओळ आली, तीही भाता मारायचं विसरलं नाही तर. "पुढची ओळ?" मल्हाररावांनी विचारलं. सुभानराव म्हणाले, "पुढची बायका म्हणतील."

आता पेटी कुठून निघते ते शोधायचं होतं. ते पहिल्यांदा गेले दरबारी गवयांच्या कलावंत खात्यात. तिथला कारकून म्हणाला, संखेड्याला आमची पेटी नाही, तंबोरा नाही, काहीच नाही. माणूस फुकट जाण्याचा नियमही ऐकला नाही. सुभानरावांना घाम फुटला. पण नोकरीत तीस वर्षं काढलेला माणूस तो. "आज्ञापत्रिकेत आलंय," त्यांनी ठोकून दिलं. "वाचली नाहीत?"

आज्ञापत्रिका म्हणजे राज्याचं हुकुमांचं पत्रक. ते प्रत्येक नोकराने वाचलंच पाहिजे असा दंडक होता, आणि ते सगळं वाचणारा नोकर अजून जन्मायचा होता. कारकुनाचा चेहरा पडला. "हो, हो, आलंय खरं," तो घाईने म्हणाला. "पण ते रेल्वेच्या कचेरीकडे."

रेल्वेच्या कचेरीतल्या शहांनी आधी हात झटकले. आज्ञापत्रिकेचं नाव निघताच मात्र त्यांनी टोपी सारखी केली. "ए तो खबर छे, काका. पण तमे पुस्तकालयमां पूछो ने."

पुस्तकालयात? सुभानराव चक्रावले. वाजवायच्या पेटीचा नि पुस्तकालयाचा काय संबंध? पण फुकट जायचंय तर नसते प्रश्न काढू नयेत, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. तिथे रमाकांत नावाचा तरुण कारकून होता.

"संखेड्याची पेटी ना? गुरुवारच्या गाडीने जातेय," तो म्हणाला.

सुभानरावांच्या जिवात जीव आला. "बरी आहे ना? किती आहेत?" मल्हाररावांच्या पेटीला सदतीस पट्ट्या होत्या, म्हणून त्यांनी विचारलं.

"पन्नास. सगळी बायकांसाठी."

पन्नास! आणि सगळी बायकांसाठी! पुरुषाची बोटं त्यावर चालतील की नाही कोण जाणे. सुभानरावांनी माणसाचा नियम सांगितला. रमाकांतने पलीकडच्या टेबलावरच्या आपल्या साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी 'आज्ञापत्रिका' हा शब्द ऐकला आणि छताकडे पाहिलं. मग एक चिठ्ठी तयार झाली, 'पेटीबरोबर एक माणूस', आणि तिच्यावर कुणाची ते न कळणारी सही झाली.

गुरुवारी सकाळी गोयागेट स्टेशनवर पेटी आली ती दोन हमालांच्या डोक्यावरून. पेटी कसली, लोखंडी पट्ट्या मारलेला लाकडी पेटाराच तो. कुलूपबंद. सुभानराव अरुंद रुळांच्या छोट्या गाडीत तिच्याशेजारी बसले आणि मांडीवर बोटं नाचवून आपली ओळ घोकू लागले. डभोईला तिकीट तपासनीस चढला. त्याने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

"आवो नियम क्यारे नीकळ्यो?" असा नियम निघाला कधी, ते त्याला आठवेना.

"आज्ञापत्रिका," सुभानराव म्हणाले.

"हा हा, बराबर." तो मागे सरला. पण जाता जाता त्याने पेटीवर टकटक केलं. "आमां शुं छे, काका?"

"वाजवायची पेटी आहे."

तपासनिसाने वाकून कान लावला, पेटी पायाने जराशी ढकलून पाहिली. "आ तो कंई बोलती नथी," असं पुटपुटत तो पुढच्या डब्याकडे गेला.

सुभानरावांनीही कान लावला. खरंच, आत सुराचा मागमूस नव्हता. आता मात्र त्यांचं डोकं फिरायची वेळ आली. आपण काय नेतोय, कुठल्या नियमाने नेतोय, कुणी सही केली आणि जो तो आपल्याला वाट का देतोय, काही म्हणता काही कळेना. खरी गोष्ट एकच होती, उल्का भेटणार. ती धरून ते बसून राहिले.

संखेड्याच्या स्टेशनवर उल्का उभी होती आणि तिच्यामागे पंधरावीस बायका. वाळली होती जरा. सुभानराव उतरले तशी ती वाकून पाया पडली. तेवढ्यात बायकांनी पेटीला गराडा घातला. बाजूला उभ्या असलेल्या हिंमतरावांकडे टपालाने किल्ली आलेली होती. कुलूप निघालं, झाकण उघडलं. आत पुस्तकं. वरपासून खालपर्यंत पुस्तकंच पुस्तकं.

सुभानरावांनी दोन थप्प्यांच्या मधे हात घालून भाता चाचपला. "उल्के," ते म्हणाले, "पेटी कुठाय?"

"ही काय, आबा. पुस्तकांची पेटी. फिरतं वाचनालय नाही का?" मग तिला उमगलं, आणि ती तोंडावर पदर धरून हसायला लागली. "तुम्हाला काय, मल्हारकाकांची वाटली?"

बायकाही हसल्या. सुभानरावांना हसावं की रागवावं कळेना. आठ दिवस बोटं मोडली होती त्यांनी! हिंमतराव मात्र हसत नव्हते. त्यांनी सासऱ्यांच्या हातातली चिठ्ठी घेऊन वाचली होती.

"आबासाहेब, हे 'एक माणूस' काय आहे? असा नियम नाही."

"आज्ञापत्रिकेत..."

"आमच्या कचेरीत आज्ञापत्रिका मीच फाइलला लावतो. अक्षर न् अक्षर वाचून लावतो. पेटीचं भाडं सरकार भरतं. माणसाचं नाही."

अजून न जन्मलेला तो नोकर सुभानरावांच्या घरात जावई म्हणून आला होता. त्यांना संताप आला. "मग हिने पत्रात लिहिलं ते? हिला कुणी सांगितलं?"

उल्काचं हसणं थांबलं.

"कुणी नाही. मीच मनानं लिहिलं," ती म्हणाली. "तिकीट काढून तुम्ही आला नसता, आबा."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. घरातलं मीठ संपलंय हे सांगावं, तसं तिने ते सांगितलं. आला असतो, असं सुभानरावांना म्हणायचं होतं. शब्द ओठापर्यंत आलेही. पण तीन वर्षं मधे उभी होती, आणि इतकं धडधडीत खोटं लेकीच्या तोंडावर बोलण्याची त्यांची छाती झाली नाही. लाज वाटली त्यांना, भर स्टेशनात, परक्या बायकांसमोर, आयुष्यात वाटली नव्हती इतकी.

ते तिकिटाच्या खिडकीशी गेले. तिकीट कसं मागतात ते ठाऊक नव्हतं, म्हणून नुसतंच म्हणाले, "ओखामंडळ."

स्टेशनमास्तर बघतच राहिला. "त्यां सुधी अमारी गाडी नथी जती, काका."

"मग जिथवर जाते तिथवरचं द्या."

"पण कया दिवसनुं?"

तिकिटाला दिवसही लागतो, हे सुभानरावांना आज कळलं. त्यांनी मागे वळून पाहिलं. उल्का जवळ येऊन उभी होती.

"उल्के, तुम्ही निघताय कोणत्या दिवशी?" त्यांनी विचारलं. "मला यायचंय पोचवायला."