काचेवरच्या कुरडया

मी उन्हाची पेटी बोलतेय. कागदावर माझं नाव 'सौर हवातापक' असं भारदस्त आहे, पण राहू गावात त्या नावानं मला कुणी हाक मारली नाही.

माझा जन्म शिक्रापूरच्या एका वर्कशॉपात, सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात झाला. काळा रंग दिलेला पत्रा, वर काच. खालून गार हवा घ्यायची आणि वरच्या तोंडातून गरम करून सोडायची, एवढंच माझं काम. पुण्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या ज्ञानदेवनं मला बनवलं आणि परीक्षेसाठी मामाच्या, म्हणजे सर्जेरावांच्या अंगणात आणून ठेवलं. त्याच बैलगाडीतून माझी सवतही उतरली.

सवत म्हणजे उसाचं पाचट आणि शेण दाबून केलेल्या कांड्या, आणि त्या जाळायची शेगडी. आम्हा दोघींना एकेक कपाट जोडलं आणि आमच्या गरम हवेवर वाळवायला त्यात ओली मिरची भरली. तीन दिवसांत जिची मिरची चांगली वाळेल ती इथं राहणार, दुसरी मोडीत जाणार.

"मामी, शेगडीत तासातासाला कांड्या घालायच्या. पेटीला मात्र हात लावायची गरज नाही," असं सांगून ज्ञानदेव गेला.

तिथंच माझं नशीब फुटलं. त्याची मामी सोजराबाई सारखी त्या शेगडीपुढं. कांडी हातात घ्यायची, मोडून बघायची, फुंकर घालायची. "धूर किती कमी हाय गं बाई हिचा!" म्हणून कौतुक करायची. जळून गेल्यावर त्याच राखेनं भांडी घासायची. मेल्यावरसुद्धा हिचे लाड! माझा नुसता जळफळाट होत होता. मी काडीचंही सरपण मागत नव्हते, म्हणून माझ्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोजराबाई कुरडयांचा चीक घेऊन अंगणात आली. शेजारच्या झुंबरबाईनं विचारलं, "बाजंवर न्हाई का घालायच्या?"

"बाजंवर कोंबड्या चढत्यात. ही पेटी बघ की, कशी सपाट हाय, गरम हाय. आन् नुसती पडून हाय."

तिनं माझ्या काचेवर जुनं लुगडं अंथरलं आणि सोऱ्यातून कुरडया घातल्या. माझं ऊन बंद झालं. कपाटात गरम हवा जाईना, आतली मिरची लिबलिबीत होऊन पडली. मला ओरडता येत नाही. येत असतं तरी ओरडले नसते. त्या दिवशी ती दहादा माझ्यापाशी आली, कुरडया उलटल्या, लुगड्याच्या सुरकुत्या हातानं सारख्या केल्या. शेगडी पलीकडं एकटी धुमसत होती. खोटं कशाला सांगू, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

तिसऱ्या दिवशी ज्ञानदेव यायच्या आत तिनं सगळं आवरलं. पदरानं माझी काचसुद्धा पुसली.

त्यानं माझं कपाट उघडलं. मिरचीला वास सुटला होता. "मामी, हिला ऊन नीट लागलं ना?"

"लागलं की. दिसभर हितंच व्हती."

ती खोटं बोलत नव्हती. तिला काचेचं कामच ठाऊक नव्हतं. ज्ञानदेवनं माझे सांधे चाचपले, पत्रा ठोकून पाहिला आणि खाली मान घालून वहीत माझ्यापुढं फुली मारली. माझ्यापायी त्यानं दोन वर्षं घालवली होती. त्याचं तोंड बघवेना. "मामा, हिला मोडीत घाला," एवढं बोलून तो एसटीला गेला.

तो गेल्यावर सोजराबाई सर्जेरावांना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की वो ती. वाळवणाला बरी हाय."

मी राहिले. आता दोन उन्हाळे झाले. कांड्या आळीभर घरोघरी जळतात, आणि ज्ञानदेवनं माझ्यासारखी दुसरी पेटी केली नाही. मी लुगड्याखाली गार पडून असते. सवत चुलीपाशी तापते आणि मी अजून जळते.

एक मागणं आहे. एकच दिवस कुणी तरी ते लुगडं काढा हो. ऊन चांगलं चढू द्या आणि मग सोजराबाईचा हात माझ्या तोंडापुढं धरा. मी कोण आहे ते तिला एकदा कळू दे. मग खुशाल मोडीत घाला.