बंद चौथाई

अकरावी गाय कोंडवाड्यात शिरली आणि शिट्टीबाईने बाहेरून कडी घातली. मागून तिचा मोठा भाऊ धापा टाकत आला. कुंपणाची तार ज्या पकडीने कापली ती अजून त्याच्या हातात होती. लपवायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"उघड," तो म्हणाला.

"परवा सकाळी. दोन दिवस ठेवायचा नियम आहे."

"नियम मला शिकवतेस? अगं, त्या कागदावर माझीही सही आहे."

"म्हणून तर थोडक्यात सांगितलं, दादा. सही नसती तर समजावत बसले असते."

पाणी भरायला आलेल्या दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. भाऊ त्यांच्याकडे बघून काहीतरी पुटपुटला आणि तरातरा निघून गेला.

शिट्टीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण गळ्यात शिट्टी अडकवून ती माळावर फिरू लागली आणि खरं नाव मागे पडलं. तिच्या आधी दोन पुरुष राखणदार झाले होते. दोघांनीही महिन्याच्या आत काम सोडलं. कोणाचं ना कोणाचं जनावर रोज हाकलायचं, म्हणजे रोज नवं वैर. मग हिने हात वर केला. "मला ना सून आणायचीय, ना लेक द्यायचीय," ती माळाच्या चराई समितीपुढे म्हणाली होती, "माझं कोण काय वाकडं करणार?"

तेव्हा माळ पार बोडका झाला होता. गुरं सकाळी जायची आणि दगड हुंगून संध्याकाळी परत यायची. समितीने माळाचे चार भाग पाडले. तीन भागांत आळीपाळीने चराई, चौथा दोन वर्षं बंद. गवताने बी धरायचं, ते जमिनीत पडायचं, उगवायचं, मूळ घट्ट करायचं. मगच जनावराने आत पाय ठेवायचा. उतारावरच्या झाडांनाही तोच कायदा: फांदी घ्या, शेंड्याला हात लावू नका. सहा वर्षं तिने हे डोळ्यांत तेल घालून सांभाळलं होतं.

या वर्षी पावसाने मध्येच पाठ फिरवली. उघडे तीन भाग थंडी सरायच्या आत संपले. बंद चौथाईत मात्र गुडघाभर वाळकं गवत वाऱ्यावर सळसळत होतं, आणि ते सळसळणं आख्ख्या वस्तीला ऐकू येत होतं.

कोंडलेल्या गाईंत एक म्हातारी होती. ती जन्मली त्याच दिवशी तिची आई गेली होती, आणि शिट्टीबाईने तिला बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. दोन दिवस तिने गुरांना नियमाप्रमाणे वैरण-पाणी दिलं. म्हातारीने वैरणीला तोंड लावलं नाही. शिट्टीबाईने मूठ मूठ तोंडापुढे धरून पाहिली, मान खाजवली. गाय नुसती उभी राहिली. तिसऱ्या दिवशी सगळी गुरं घरी गेली. पाचव्या दिवशी म्हातारी उठली नाही.

भावाचं घर आणि शिट्टीबाईची खोली यांत एकच भिंत होती. भाऊ तिच्या दारात येऊन उभा राहिला, आत आला नाही.

"तुझ्या नियमाने घेतलं तिला," एवढंच म्हणाला.

गाईचे दात झिजले होते, उन्हाळा कडक होता, पोटात महिनाभर धड चारा नव्हता, हे सगळं खरं. पण कोंडवाड्यातले दोन दिवस ती परक्या जागी उभी होती, हेही खरं. त्या दिवशी तिने चूल पेटवली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच मात्र ती कापलेली तार जोडायला माळावर गेली.

त्याच आठवड्यात समितीची बैठक झाली. पत्र्याच्या खोलीत माणसं मावेनात, काही खिडकीला लटकली. अध्यक्ष म्हणजे निवृत्त पोस्टमन. त्यांचा आवाज कोणाला ऐकूच येत नव्हता. सगळ्यांचं म्हणणं एकच, कुंपण काढा.

शिट्टीबाई उठली. "जनावरं सोडली तर आठ दिवसांत गवत संपेल. नुसतं गवत नाही, मूळसुद्धा. जमिनीत ओल नाही, खूर पडला की ठोंब उपटून येतो. मग पुढच्या वर्षी काय, कुंपणाची तार चारणार?"

"मग काय बघत बसायचं?"

"कापायचं. घरटी रोज एक भारा. आपला विळा, आपलं डोकं. गाडी आणायची नाही, दुसऱ्याने कापून द्यायचं नाही. खाली वीतभर गवत ठेवायचं, आणि ओढ्याकाठचा पट्टा बियाणासाठी तसाच सोडायचा."

"ज्याची वीस जनावरं आहेत त्यालाही एकच भारा?" मागून कोणीतरी ओरडलं. "हा अन्याय झाला!"

"दोन शेळ्यांवाल्याला विचारा, त्याला न्याय वाटेल."

हशा पिकला. तो थांबायच्या आत दुसरा एक जण म्हणाला, "सख्ख्या भावाची गाय मारली हिने, आणि आता आम्हाला न्याय शिकवतेय."

कोपऱ्यातून भाऊ उठला.

"गाय माझी होती," तो म्हणाला. "तिचं काय ते मी बघीन. तुम्ही गवताचं बोला."

आणि तो बाहेर पडला. हात वर झाले; कुंपण राहिलं, विळे ठरले.

दुसऱ्या दिवसापासून माणसं येऊ लागली. शिट्टीबाई प्रत्येकामागे फिरून कापलेल्या गवतावर वीत टेकवून बघे. कोणी जमिनीलगत कापलं की त्याचा भारा तिथेच थांबे. लोक चिडायचे, शिव्या घालायचे, आणि वीतभर ठेवून कापायचे.

भाऊ आला नाही. वहिनी आली. नऊ दिवस तिने मुकाट्याने भारा नेला. दहाव्या दिवशी तिचं मनगट सुजून टम्म झालं होतं.

"वन्सं," ती विळा पुढे करत म्हणाली, "आजच्या दिवस तुम्ही कापून देता?"

शिट्टीबाईने आजूबाजूला पाहिलं. कोणाचंच लक्ष नव्हतं. त्यामुळे तर बोलणं आणखी जड गेलं.

"नाही, वहिनी."

"माहीत होतं मला. विचारून बघितलं." वहिनी रागावली नाही. मनगट छातीशी धरून ती रिकामीच उतरून गेली. शिट्टीबाई बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिली, मग पुढच्या माणसाच्या गवतावर वीत टेकवायला वाकली.

अकराव्या दिवशी, बाकीचे निघून गेल्यावर, भाऊ आला. तिच्याकडे न बघता कापू लागला. तिनेही जवळ जाऊन मोजलं नाही. लांबूनच दिसत होतं की तो वीतभराहूनही थोडं जास्तच ठेवतोय. त्याने भारा बांधला, उभा केला आणि थांबला. एवढा भारा एकट्याने डोक्यावर चढत नाही. त्याने एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला. हाक मात्र मारली नाही.

ती गेली. खाली वाकून तिने एका बाजूने हात घातला, त्याने दुसऱ्या.

"वहिनीचा हात कसा आहे?"

"शेकतेय." तो म्हणाला, "दहाच राहिलीत आता. एवढं पुरेल."

दोघांनी एकदम उचललं. भारा डोक्यावर बसला तसा त्याचा चेहरा गवतात बुडाला. एक हात वर धरून, पायांनी वाट चाचपत तो उतार उतरू लागला. मध्येच एका दगडावर अडखळला. शिट्टीबाईने पुढे टाकलेलं पाऊल तसंच मागे घेतलं. तो सावरला, भारा सरळ केला आणि चालू लागला.