न मोडलेली मोडकी पायरी

मी बोगादीच्या एका शाळेतली पुठ्ठ्याची पायरी बोलतेय. दिसते मोडकी, पण मोडलेली कधीच नाही. काचेच्या कपाटात, ‘अपयशातून शिकूया’ अशा सोनेरी पाटीखाली मला मांडलंय. अपयशाची एवढी सरबराई दुसरीकडे कुठे होत असेल?

आमच्या शाळेच्या बसची पहिली पायरी फार उंच आहे. यूकेजीतली आभा रोज दोन्ही हात टेकून, गुडघ्यांवर रांगत बसमध्ये चढते. नववीतल्या चैत्राने ते पाहिलं आणि खाली ठेवायला पुठ्ठ्याची एक जादा पायरी केली. सोमवारी आभाने तिच्यावर पाय ठेवला आणि पुठ्ठा मधोमध खचला. चैत्राने पोरीला वरच्या वर धरलं आणि आनंदाने कानडीमिश्रित मराठीत ओरडली, "सर, नोडी, बघा! आधार कडेला नको, मधे पाहिजे!"

सर म्हणजे उपेंद्र सर, पुण्याहून आलेले. शिकवतात इंग्रजीत, चिडतात मराठीत. ‘करा, चुका, सुधारा, पुन्हा करा’ हे त्यांनीच फळ्यावर लिहिलेलं. त्याच फळ्याखाली उभं राहून ते म्हणाले, "हा काय कचरा मांडलायस? शुक्रवारी स्पर्धेचे पाहुणे येणारेत!"

ती खरीखुरी मोडलेली पायरी कचऱ्याच्या गाडीतून गेली.

मग सरांनी आधी तिसरी, शेवटची पायरी करून घेतली. चकचकीत रंग, वर शाळेचं चिन्ह. नंतर त्यांना आठवलं की आधीच्या दोन चुकाही दाखवायच्या असतात. म्हणून दुसरी झाली. आणि सगळ्यात शेवटी मी, पहिली! पट्टी लावून, पेन्सिलीने रेघ मारून, कटरने मला ‘मोडलं’. प्रकल्पाच्या वहीत तारीख मागची टाकली. चूकसुद्धा अजिबात न चुकता करायची, हे मोठ्या माणसांनाच जमतं. याला म्हणे आधुनिक कौशल्यं म्हणतात.

"सर, हिच्यावर कोणी पायच नाही ठेवला. सुम्ने, उगाच खोटं कशाला बोलायचं?"

"चैत्रा, पाठ केलंयस तेवढंच बोल."

"मग तिसरीवर तरी आभाला उभी करूया?"

"आणि रंग उडाला तर?"

शुक्रवारी पाहुण्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिच्यातून काय शिकलीस, बाळ?"

चैत्राने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हिच्यातून काहीच नाही. जी खरंच मोडली, ती टाकून दिली."

सरांचा चेहरा उतरला. पण मुख्याध्यापिका जानकी मॅडम मुरलेल्या. "बघा, किती प्रामाणिक आहेत आमच्या मुली!" म्हणत त्यांनी टाळ्या सुरू केल्या. सगळ्यांनी वाजवल्या. पहिलं बक्षीस मिळालं. पोरीला रागावले असते तर निदान तिचं म्हणणं ऐकलं तरी, असं म्हणता आलं असतं.

आता आम्ही तिघी कुलपात आहोत. चैत्रा रोज किल्ली मागते. "आधी शाळेची तपासणी होऊ दे," सर म्हणतात. इथून बस दिसते. आज सकाळीही आभा रांगतच चढली. गुडघा खरचटलेला होता.

मोठ्यांनो, तुम्हाला विनंती करत नाही. केली तर तीही फ्रेम करून लावाल. चैत्रा, तुला सांगते, किल्ली मागणं सोड. घरून खोकं आण आणि बसच्या दाराशीच बसून कर. पहिली मोडेल. आभाला घट्ट धर, पुठ्ठा उचल आणि दुसरी कर.