रुंद पलंग

रिसीव्हरवर पिठीसाखरेचं बोट उमटलं होतं, आणि ते पुसायचं सोडून इरेना त्याकडे बघत राहिली – जॅम भरलेल्या पाँचकी डोनटांची साखर, काझिकनं सकाळी दारात आणून दिलेल्या, अजून ऊन असलेल्या...

"ऐकताय ना?"

विद्यापीठातली बाई होती. देशभरातल्या काही घरांना फोन करून लोकांना उद्याबद्दल काय वाटतं ते विचारायचं, हे तिचं काम. मागच्या उन्हाळ्यातही हिनंच विचारलं होतं. तेव्हा मोटारींचा कारखाना बंद, अर्धं हॅमट्रॅमॅक गाव घरी बसलेलं, आणि इरेनानं प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर दिलं होतं – वाईट.

"वर्षभरानं तुमची परिस्थिती आजच्यापेक्षा बरी असेल, वाईट असेल, की अशीच?"

पेन्शन तीच. छत तसंच गळतंय. खरं तर 'अशीच'... "बरी," ती म्हणाली आणि स्वतःच दचकली.

"सोफा, फ्रिज असल्या मोठ्या वस्तू घ्यायला सध्याचा काळ कसा वाटतो?"

"चांगला. मी पलंग घेणारेय. रुंद."

हे कुठून आलं? रविवारी चर्चबाहेर काझिकनं टोपी काढून लग्नाचं विचारलं होतं, आणि 'बघू' म्हणून ती घाईघाईनं निघून आली होती. मुलीलाही तिनं सांगितलं नव्हतं. आणि आता ह्या परक्या बाईला...

"असं का वाटतं, सांगाल?"

"अहो, तुमच्या कागदावर 'काझिक' लिहायला जागा आहे का?"

पलीकडे हसू दाबल्याचा आवाज. "तुम्ही म्हणाल तसंच लिहिते. मला मत द्यायची मुभा नाही हो... पण गादी मात्र नीट बघून घ्या."

फोन ठेवून ती निजायच्या खोलीत आली. 'चांगलं' म्हणणाऱ्यांतून 'वाईट' म्हणणारे वजा करतात आणि त्यावरून आकडा काढतात, हे तिनं मागेच विचारून घेतलं होतं. म्हणजे महिनाअखेर रेडिओवर सांगतील, ग्राहकांचा विश्वास वाढला. दुकानदार जास्त माल मागवतील. शहाणी माणसं कारणं देतील – व्याज उतरलं, पेट्रोल उतरलं... आणि मी? मी आहे की त्यात!

नवरा गेल्यावर तिनं मोठा पलंग देऊन टाकला होता. भिंतीशी अरुंद खाट होती. काझिकला अजून काहीच ठाऊक नव्हतं. मुलगी काय म्हणेल, कोण जाणे. खिडकीपासून भिंतीपर्यंत किती जागा आहे ते पाहायला तिनं दोन्ही हात पसरले – आणि अंदाज आल्यावरही ते खाली घ्यावेत असं तिला वाटेना.