वळणावर थांबणारे गाणे

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझा अर्धा पडदा काळा पडला आहे आणि उरलेल्या अर्ध्यावर भेगांचे जाळे आहे. हे हातोडीचे घाव आहेत, वयाचे नव्हेत. ज्या मुलीने ते घातले तिच्यावर माझा अजूनही जीव आहे. तिच्याबद्दल कोणी वाकडे बोललेले मला खपत नाही.

माझी उमेदीची वर्षे एका शाळेच्या कचेरीत गेली. तिथून भंगारात निघालो आणि डर्बनजवळच्या उमलाझीत, टेकडीवरच्या एका खोलीत, नोक्वाझीच्या टेबलावर येऊन पडलो. ती माझ्यावर गाणी बनवायची. खरे तर गाण्यांचे तुकडे. चार सेकंदांचा ढोल, त्यावर पातेल्याच्या झाकणाचा ठोका, की झाला तुकडा तयार. तोच ती तासन्‌तास फिरवत बसे. माझे पोट तुकड्यांनी भरले, पण पूर्ण गाणे एकही होईना.

तिचा थोरला भाऊ झाखेले टॅक्सी चालवायचा. आमच्याकडे टॅक्सी म्हणजे माणसे कोंबलेली मोठी गाडी, आणि जिच्यात गाणे दणदणीत तिच्याकडेच लोकांचा ओढा.

"तुझा तुकडा म्हणजे आपला मामा आहे," झाखेले म्हणायचा. "आला, बसला, उठायचं नाव नाही."

"मग तूच बनव की."

"मी कशाला? रस्ता बनवेल. चल उद्या माझ्याबरोबर."

ती त्याच्या शेजारी बसून रस्ता ऐकून आली. मग तिने एकच तुकडा माझ्या पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत अंथरला आणि कात्री चालवली. अड्ड्यावरून निघताना नुसता ढोल ठेवला. चढावर झाकणाचा ठोका आणि झाखेलेची शीळ घातली. वीटभट्टीच्या वळणावर गतिरोधक होता, तिथे गाडी जवळजवळ थांबायची, म्हणून तिथले सगळे पुसून टाकले. मग पूल आला की सगळे एकदम अंगावर कोसळायचे. झाखेले गाडी अशी हाकायचा की शांतता बरोबर वळणावर पडे. प्रवासी श्वास रोखून बसत आणि पुलावर ओरडत. त्याच्या गाडीसाठी लोक बाकीच्या टॅक्स्या सोडून देऊ लागले. माझे नाव कोणी घेतले नाही, तरी मी मनातून सुखावलो होतो.

त्याच रस्त्यावर चालकांच्या दुसऱ्या संघटनेच्या टॅक्स्याही धावत. त्यांना हे झोंबले. आधी आमच्या गाड्यांच्या काचा फुटल्या. मग एका चालकाचा जबडा लोखंडी सळईने फोडला. मग एक गाडी पेटवली, आत चालक असताना. आमचेही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. त्यांनी तिकडच्या एकाला भर बाजारात गाडीबाहेर ओढून दगडांनी ठेचले.

"बंद कर रे ते गाणं," आई झाखेलेला रडून सांगायची.

"बंद केलं तर म्हणतील, शेपूट घातली."

एका सकाळी वीटभट्टीच्या वळणावर झाखेलेवर गोळ्या झाडल्या. एक गळ्यात, एक छातीत, एक डोळ्याखाली. मागच्या बाकावरची बाई मुलाला पोटाशी धरून मेली. मूल वाचले. गाडी कठड्यावर आदळली, तरी गाणे चालूच होते. पुलावरचा तो दणका रक्ताने भरलेल्या गाडीत वाजला.

मातीच्या दिवशी चालकांनी हवेत बंदुका झाडल्या. नंतर वळणावर मक्याची कणसे भाजणारी म्हातारी मान्झामा आमच्या खोलीत आली.

"ते मारेकरी रस्त्याकडे बघतच नव्हते गं पोरी," ती म्हणाली. "भट्टीच्या भिंतीआड माना खाली घालून बसलेले. गाणं ऐकत होते. गाणं थांबलं, तसे उठले."

म्हातारी गेल्यावर नोक्वाझीने हातोडी उचलली. पहिल्या घावाला माझा पडदा फुटला, दुसऱ्याला मी जमिनीवर होतो. मला राग आला नाही. तिच्या हाताशी मारायला दुसरे होते तरी कोण?

इतक्यात झाखेलेचा मित्र बेकानी दारात आला. तोही टॅक्सीच चालवायचा.

"उद्यापासून आपल्या सगळ्या गाड्यांत झाखेलेचं गाणं वाजणार," तो म्हणाला. "ठरलंय."

तिने म्हातारीचे बोलणे सांगितले.

"आता माघार नाही, नोक्वाझी. सगळ्यांनी त्याच्या मातीवर शपथ घेतलीय. गाणं बंद म्हणजे त्याला पुन्हा मारणं."

तिने मला उचलून टेबलावर ठेवले. माझा अर्धाच पडदा उजळला. मला फार दुखत होते, पण मी चालू राहिलो. तिने वळणावरची शांतता बुजवली. पुलावरचा दणका काढला, नाहीतर त्यावरूनही कोणी अंदाज बांधला असता. शिळेपाशी तिचा हात थबकला. भावाचा तेवढाच आवाज उरला होता. चढ ओळखू येत होता तो त्या शिळेवरूनच, म्हणून तिने तीही पुसली. अड्ड्यापासून शहरापर्यंत तोच चार सेकंदांचा तुकडा उरला.

बेकानीने ऐकले. "हे काय? गाणं कुठंय?"

"हेच."

"लोक शिव्या देतील."

"देऊ देत. जिवंत असले तरच देतील ना. सगळ्यांना दे, आणि जुनं पुसायला लाव."

दुसऱ्या दिवशी मान्झामाने पाहिले, ते पुन्हा भिंतीआड माना खाली घालून बसले होते. आमच्या गाड्या ढोल बडवत एकामागून एक वळण घेऊन गेल्या. ते शांततेची वाट बघत राहिले. भानावर येऊन त्यांनी गोळ्या झाडल्या, तेव्हा शेवटची गाडी पुलावर पोचली होती. तिची मागची काच फुटली, माणूस एकही गेला नाही. प्रवाशांनी मात्र खरोखरच शिव्या दिल्या. पोरीचा हात गेला, भावाबरोबर तिची कलाही पुरली, असे लोक म्हणू लागले.

मित्रांनो, जुने गाणे कोणाकोणाच्या फोनमध्ये अजून आहे. ते फार सुंदर आहे, हे मी कशाला नाकारू? कधी तुमच्या टॅक्सीत ते लागले, तर भिडस्तपणा करू नका. चालकाच्या खांद्यावर हात ठेवा आणि वळण यायच्या आत ते बंद करायला सांगा.