स्वच्छ पाण्याची टाकी

ताईने आकडे तिसऱ्यांदा तपासले आणि कपाळाला हात लावला. प्रयोगशाळेत तिच्याहून थोरलेही तिला ताईच म्हणत, पण आज सगळा ताईपणा गळाला होता. तिच्या प्रयोगात गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या दोन टाक्या होत्या, एकीत कीटकनाशक, दुसरीत स्वच्छ पाणी. जिवावर ताण आला की शिंपल्याचं शरीर बचावासाठी कॅटालेज नावाचं एन्झाइम वाढवतं. विषाच्या टाकीत ते वाढलंच होतं, पण स्वच्छ पाण्यातही तितकंच वाढलं होतं. सहा आठवडे मातीत गेले.

पाणी तपासलं, तापमान तपासलं. शेवटी तिने मामांना विचारलं. मामा तिथले मदतनीस, दर वर्षी कराराने नेमलेले, आणि यंदाच्या करारावर प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांची सही अजून व्हायची होती.

मामा म्हणाले, हात कधीच लावला नाही. फक्त रोज सकाळी पेन्सिलीने एकेका शिंपल्याला टिचकी मारायची. मिटला म्हणजे जिवंत. मागच्या खेपेला सगळे मेले तेव्हा ताई जिन्यात बसून रडली होती, ते त्यांच्या मनातून जात नव्हतं. त्यासाठी रविवारीसुद्धा ते येऊन जात. विषाच्या टाकीकडे मात्र फिरकत नसत, त्यांना ते बघवत नसे.

शिंपला मिटला की त्याचा श्वास कोंडतो, उघडला की एकदम ऑक्सिजन आत शिरतो, आणि तोही ताणच. ताईला खरं तर राग यायला हवा होता. तिला भरून आलं.

चूक माझीच, मामांना सूचना द्यायची राहिली, असं तिने सरांना सांगून टाकलं. तेवढ्यात मामा दारातून पुढे आले.

"ताई खोटं बोलतायत, सर. टाकीवर 'शिंपल्यांना हात लावू नये' अशी पाटी आहे आणि मला वाचता येतं. मला राहवलं नाही."

मिटलेले शिंपले किती वेळाने उघडायचे, एवढंच सरांनी विचारलं.

"लहान पाच मिनिटांत, मोठे अर्ध्या तासात. कोपऱ्यातला एक दुपारपर्यंत रुसून बसायचा. त्याच्यापायी मी डबा उशिरा खायचो."

सरांनी करार ओढून सही केली. प्रयोग पहिल्यापासून होणार आणि मामांनी टाक्यांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असं बजावलं.

बाहेर आल्यावर मामांनी विचारलं, "नव्यांकडे सकाळी बघणार कोण?"

"लांबूनच बघायचं, मामा."

हे आपल्याला जमण्यातलं नाही, हे मामांना ठाऊक होतं. त्यांनी खोलीची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.