बगळ्याने मोजलेलं शेत

"धाकू गावसाचं शेत दिल्लीने एका बगळ्याकडून मोजून घेतलं," असं मी म्हटलं तेव्हा यशवंतच्या हॉटेलात चार माणसं होती आणि चौघांनीही चहाचे पेले एकदम खाली ठेवले. मी आधीच बजावलं, "विश्वास ठेवू नका. या गावात माझ्यावर विश्वास ठेवणारं शेवटचं माणूस म्हणजे माझी आई, आणि मी सहा वर्षांचा झाल्यावर तीही शहाणी झाली."

आदल्या दिवशी बजेट झालं होतं. यशवंतने दिवसभर टीव्ही लावून ठेवला होता, त्यामुळे भजी दोनदा करपली आणि त्याचा राग अजून उतरला नव्हता.

"दादूकाका, बगळो ऱ्हांव दे," तो म्हणाला. "एवढां मोठां भाषण झालां. शेतकऱ्याक काय गावलां ता सांगा."

"तेच सांगतोय. ऐक."

खरं म्हणजे ही गोष्ट आमच्या रस्त्यापासून सुरू होते. साखळी शहराच्या बाजूने आमच्या गावात यायचं तर रस्ता डोंगराला पूर्ण वळसा घालतो. चार किलोमीटर. येताना बसच काय, रस्तासुद्धा दोनदा दम खायला बसतो. आणि कर खात्याचा नियम असा की, नगरपालिकेच्या हद्दीपासून दोन किलोमीटरच्या आतली शेतजमीन विकली तर ती शहरातली मालमत्ता, नफ्यावर कर लागू. दोन किलोमीटरच्या पलीकडली ती खरी शेतजमीन, कर नाही. आम्ही चार किलोमीटरवर. आम्हाला काय भीती?

मग काही वर्षांमागे एका बजेटात कोणीतरी उठून म्हणालं, अंतर रस्त्याने मोजायचं नाही, हवेतून सरळ मोजायचं. भाषण अकराला सुरू झालं. साडेबाराला माझ्या फळीवरची भांडी खडखडत खाली आली. मी बाहेर येऊन बघतो तर अख्खं गाव शहराकडे दोन किलोमीटर सरकलेलं! विहिरीतलं पाणी अर्धा तास हलत होतं.

"तुमच्या घरातली भांडी मांजरान पाडली," कोपऱ्यातून रूपाली म्हणाली. ती डिचोलीला कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते आणि सकाळच्या बसची वाट बघत इथे बसते. "पण नियम खरो आसा. हवाई अंतरच धरतत."

"बघा! सरकारी साक्षीदार मिळाला."

धाकूला याचा पत्ता नव्हता. तो आयुष्यभर त्या एका भातशेतात वाकलेला. सकाळी सहाला बांधावर. गवत उपटताना मुळाला चिकटलेली माती झाडून परत शेतात टाकायचा, बांधाबाहेर जाऊ द्यायचा नाही. मी एकदा म्हटलं, "धाक्या, ह्या मातीवर सोन्याचा मुलामा आहे का रे?" तर म्हणाला, "माती खंयची खंय गेली म्हणजे शेत रुसता." बोलणं एवढंच. मुली दोन, दोघी लग्न होऊन गेलेल्या. गुडघे गेल्यावर त्याच्या मनात एकच गोष्ट राहिली: शेत पडीक पडता कामा नये. पैशाचं त्याला काही नव्हतं. शेतात गवत माजलेलं बघून मरायचं नव्हतं.

"म्हणान माका सांगलां," सिद्धेश म्हणाला. हा सिद्धेश पलीकडच्या वाड्यावरचा, स्वतः भात लावतो, पॉवर टिलर आहे. "तो म्हणालो, सिद्धेश, तू घे. तू नांगरशील. आमचां ठरलां पण होतां."

ठरलं होतं आणि मध्ये तो बजेटातला नियम आला. रूपालीच्या ऑफिसात कागद गेला आणि तिथल्या साहेबाने विचारलं, हद्दीपासून हवाई अंतर किती? आता हवेत अंतर मोजणार कोण? इथे माझा बगळा येतो.

हा बगळा पालिकेच्या हद्दीवरच्या चिंचेवर वस्तीला असायचा. रोज उजाडलं की उडायचा तो सरळ धाकूच्या शेतात. ना डावीकडे, ना उजवीकडे. मोजणीवाल्याने त्याला हेरलं. पायाला दोरा बांधला, दोऱ्याचं दुसरं टोक हद्दीच्या दगडाला. बगळा उडाला, दोरा सुटत गेला. भत्ता म्हणून त्याला रोज दोन खेकडे मंजूर झाले, पण पावतीवर सही करायला तो तयार होईना. शेवटी चोच शाईत बुडवून—

"काका," रूपाली हसत म्हणाली, "मोजणी यंत्रान झाली. मी कागद बघलंय. एक हजार नऊशे अठ्ठ्याहत्तर मीटर."

"बगळ्याचा आकडापण तोच होता. बावीस मीटर कमी."

बावीस मीटर. शेताचा अलीकडचा बांध बावीस मीटर आत, आणि सर्व्हे नंबर एकच, म्हणून अख्खं शेत आत. धाकू मोजणीवाल्याला म्हणाला, "सायबा, शेराचो नळ माझ्याकडे येना. शेराची बत्ती येना. शेराचो करच तेवढो कसो येता?" मोजणीवाला बिचारा स्वतः मेटाकुटीला आलेला. म्हणाला, "मी फक्त यंत्र धरतंय."

बरं, शहरातली म्हणता तर शहराच्या भावाने विकू द्या. तेही नाही! भातशेत शेतकऱ्यालाच विकायचं, असा आमच्या गोव्याचा कायदा. कायदा चांगला आहे, मी नावं ठेवत नाही, नाहीतर आतापर्यंत भातात पोहण्याचे तलाव उगवले असते. पण धाकूच्या वाट्याला आलं ते असं: कर शहराचा, भाव गावाचा आणि गिऱ्हाईक एकटा सिद्धेश.

मग चोवीस सालचं बजेट. कराचा दर खाली आणला, पण महागाईची वजावट काढून घेतली. धाकू म्हणाला, "माका महागाई दिसता, तेंका दिसना?" आरडाओरडा झाला, तेव्हा काही दिवसांनी म्हणाले, जुन्या जमिनीवाल्यांनी दोन रितींपैकी हवी ती निवडा. निवडायची तर दोन हजार एक सालची शेताची किंमत आणा. धाकूने डोक्याला हात लावला. "त्या वर्सा हंय कोण विकी होतो? भात येय होतां, खाय होतंव."

असं करत तीन पावसाळे गेले. सिद्धेशने दुसऱ्याच्या जमिनीत टिलर घातलं, त्याला तरी कसा दोष द्यायचा? शेतात कंबरेएवढं गवत. गेल्या गणेश चवथीच्या आधी धाकू गेला. शेवटचे दोन महिने बांधावर जात नव्हता. घराच्या मागल्या दाराने जायचा-यायचा, कारण पुढल्या दारातून शेत दिसतं.

इथे मी पेला उचलला. चहा निवला होता.

तेवढ्यात धाकूची बायको सुमंगला आली. पाव विकणारा पोदेर अजून आला नव्हता, म्हणून उंड्यांची रिकामी पिशवी घेऊन गल्ल्यापाशी उभी राहिली. मी तिला पाहिलं. पण गोष्ट उताराला लागली होती, आणि उताराला लागलेली गोष्ट मला आजवर थांबवता आलेली नाही.

रूपाली तिला म्हणाली, "काकी, बरां झालां इलास. सायबान सांगलां, हद्दीचो फातर खऱ्या जाग्यार नाय असो संशय आसा. जुन्या कागदार हद्द वयल्या कातळाच्या सड्याच्या कडेन जाता आनी फातर आसा खाली, मऊ जमनीत. नकाशो मागसून फातरावरून काढलो. तो घालतना हजर आसलेलो माणूस जितो आसलो आनी तेणां लिहून दिल्यान, तर परत मोजणी मागूक येता."

"मोजणी बदलली तर मी मिरगाच्या आधी टिलर घालतंय," सिद्धेश म्हणाला. "कबूल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गावात सत्तरीच्या पुढचे पुरुष आम्ही तिघे, त्यातल्या एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला आठवत नाही.

"दगड ना?" मी म्हणालो. "अरे, तो किस्सा तर बगळ्याच्याही वरचा आहे! कंत्राटदाराने दगड बसवायला गड्यांना लावलं. जागा दाखवली ती सड्यावर. जांभा असा की कुदळ मारली तर कुदळच माफी मागायची. तीन कुदळी मोडल्या. ऊन मे महिन्याचं. मग गडी काय करतो, दगड उचलतो आणि खाली, आपल्या गावाच्या अंगाला, तीस पावलं येतो, मऊ मातीत. एक फूट खणलं, दगड उभा. कंत्राटदार झाडाखाली झोपलेला. कोणाला पत्ता नाही. आणि माहीत आहे, तो गडी कोण?"

"कोण?" यशवंत पुढे वाकला.

"धाकू! स्वतः धाकू गावस. स्वतःच्या हाताने स्वतःच्या शेतावर शहर ओढून घेतलंन! तीस पावलं, म्हणजे बावीस मीटर आणि वर थोडं. वर छिन्नीने तारीखसुद्धा कोरली, मी बघितली आहे. मोजणीच्या दिवशी आम्ही दोघे तिथे उभे होतो. तो दगडाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, 'चल, च्या घेऊया.' म्हटलं ना, विश्वास ठेवू नका. आता लिहून द्यायला तोच हवा होता, आणि तो गेला."

यशवंतने कपाळावर हात मारला. सिद्धेश म्हणाला, "म्हणजे संपलां." रूपालीने घड्याळ बघितलं.

"भावजी," सुमंगला म्हणाली.

"काय गो?"

"त्या फातरावरची तारीख सतरा मे चौऱ्याऐंशी. बाजाराक जातना चाळीस वर्सां वाचतंय मी ती."

"बरोबर. धाकूनेच छिन्नी—"

"सतरा मे चौऱ्याऐंशीक आमचां लगीन." तिने पिशवीची घडी घातली, परत उलगडली. "हे सकाळधरून पाटार बसलेले, कपाळाक मुंडावळ्यो. तुम्ही जेवणाक सगळ्यांच्या मागसून इलास. हातांक तांबडी माती होती. ह्यांनीच उठान तुमच्या हातार पाणी घातलां आनी इचारलां, दादू, खंय होतंस? तुम्ही काय सांगलास ता मी बाजूक बसान आयकलां. फातर तुम्ही घातलास, भावजी."